हिरव्या काचेची खूण

भिंगरीला भिंगरी हे नाव नेमकं कुणी ठेवलं यावर घरात अजून भांडण आहे, पण का ठेवलं यावर अजिबात नाही. ही मुलगी दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभी राहत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी दूध उतू जातं. जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढते, दार उघडायच्या आधीच चपला काढायला लागते, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होते. आणि हिला नोकरी लागली कुठे, तर चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, भिंगांच्या कडा घासायला. "भिंगांच्या दुकानात भिंगरी," मालक पहिल्याच दिवशी म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की त्यांचाच चष्मा खाली पडला. पण तिथे मात्र ती शहाण्यासारखी काम करायची, कारण भिंग केसभर जरी कमीजास्त झालं तरी फ्रेममध्ये बसत नाही, आणि चाकावर धसमुसळेपणा केला की काच सरळ तडकते. म्हणजे दिवसभर जो काही धीर धरायचा तो दुकानात धरायची, आणि सहा वाजता शटर पडलं की सुटायची.

नोकरीसाठी ती आत्याकडे राहायला आली त्याला तीन महिने झाले होते. घर दोन खोल्यांचं, वर एक गॅलरी. गॅलरीत आतोबांचं धार लावायचं चाक, कारण आतोबांचा धंदाच तो, अख्ख्या भागातल्या सुऱ्या-कात्र्या त्यांच्याकडे येतात. माणूस अबोल. सकाळी पाचला उठून फिरायला जाणार, येऊन चाकावर बसणार, आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. विचारलं तरी निम्मंच बोलणार. आत्या बरोबर उलटी. आत्याचं तोंड आणि हात दोन्ही सतत चालू, आणि सध्या तर फक्त तोंडच, कारण पंखा पुसताना स्टुलावरून पडून उजव्या पायाला प्लास्टर. पाय उशीवर, फोन मांडीवर, आणि लक्ष सगळं जंगलात.

जंगल म्हणजे शहराच्या टोकाचं, सगळ्यांचं. कुंपण नाही, फक्त एक फाटक आणि फाटकाशी वनरक्षकाची खोली. तिथून परवाना मिळतो. परवान्यावर लिहिलेलं असतं की शनिवारी सकाळी सहा ते अकरा, माणशी एक टोपली, मुळं उपटायची नाहीत, विकायचं नाही. आत्या बावीस वर्षं तिथे रानलसूण तोडायला जाते. यंदा तिने भिंगरीलाही परवाना काढायला लावला होता, पण मग पाय मोडला आणि हंगामाचे पहिले तीन शनिवार असेच गेले. "एकटी जाते ना मी," भिंगरी म्हणायची. "तू एकटी गेलीस तर मुळासकट जंगल घेऊन येशील," आत्या म्हणायची. "थांब जरा."

थांबणं आणि भिंगरी. मग झालं काय, तर वनरक्षकाने फाटकावर चिठ्ठी लावली की रविवारी जंगलाची साफसफाई आहे, हौशी मंडळींनी यावं. हिला तेवढंच हवं होतं. आत्याला खूश करू म्हणून कुणाला न सांगता गेली. हातमोजे मिळाले, एक पोतं मिळालं, आणि झऱ्यापासून जुन्या भिंतीपर्यंतचा पट्टा मिळाला. बाकीचे दोन दोन मिळून एक पट्टा करत होते, हिने एकटीने केला, तोही साडेदहापर्यंत. बाटल्या, पिशव्या, एक फुटकी बादली, एक बूट. आणि तीन ठिकाणी, जिथे पानांचे हिरवेगार वाफे होते, तिथे बाजूला एकेक कापलेला ओंडका होता आणि त्यावर काहीबाही मांडलेलं. विटेचा पिवळा तुकडा, पांढरा गोटा, पाटीचा काळा तुकडा, लाल कौल. हिला वाटलं मुलांनी भातुकली मांडलीय. तिने ते सगळं पोत्यात न टाकता वेगळं घेतलं, हेही लक्षात घ्या, आणि फाटकाशी आणून पायवाटेच्या कडेला ओळीने लावलं, पिवळा, पांढरा, काळा, लाल, पुन्हा पिवळा. फार सुरेख दिसत होतं. वनरक्षकसुद्धा म्हणाला, "वा, बागेसारखं झालं."

फक्त एक हिरवा काचेचा तुकडा होता, तो मात्र तिने कचऱ्यात टाकला. काच म्हणजे काच, कुणाच्या पायात जाईल. टाकताना अर्धा क्षण हातात थांबला होता, कारण कडा गुळगुळीत होत्या, अगदी हातावर घासल्यासारख्या. पण पुढचा ओंडका दिसला आणि ती धावली.

घरी येऊन तिने धापा टाकत सगळं सांगितलं. आत्या वाटाणे सोलत होती. बुटाच्या गोष्टीला हसली, बादलीच्या गोष्टीला हसली, आणि ओंडक्यांची गोष्ट आली तेव्हा वाटाण्याची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"ओंडक्यावरचं काय केलंस म्हणालीस?"

"फाटकाशी लावलं. ओळीने. तू बघशील तर..."

"तिन्ही ओंडक्यांवरचं?"

"हो. एकत्र."

आत्याने शेंग खाली ठेवली. गॅलरीत आतोबांचं चाक थांबलं.

"एकत्र," आत्या म्हणाली. "अगं बये."

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं, असं भिंगरीला नंतर वाटलं. पण ती रागावली नाही, तिने नीट समजावून सांगितलं. त्या खुणा होत्या. रानलसणीचं एक रोप मोठं व्हायला सहा-सात वर्षं घेतं, आणि त्याला पानं असतात दोन. एक आपण घ्यायचं, एक त्याला ठेवायचं. पण असं एकेक घेऊनही शंभर माणसं आली तर वाफा बसतो. म्हणून फार पूर्वी आत्यानेच ठरवलं की एका वाफ्यातून वर्षाला पाच टोपल्या, बस. जो टोपली भरेल त्याने ओंडक्यावर आपली खूण ठेवायची. पाच खुणा दिसल्या की वाफा बंद, पुढच्या वसंतापर्यंत तिथलं पान तोडायचं नाही. वर्षाच्या शेवटी जो तो आपली खूण उचलून नेतो. ना यादी, ना मीटिंग, ना कुणाची कुणाला भेट.

"म्हणजे तुम्ही एकमेकांशी बोलतच नाही?"

"कशाला बोलायचं? बोललो असतो तर कधीच भांडलो असतो," आत्या म्हणाली. "घड्याळवाला आणि मी तर तसंही नऊ वर्षं बोलत नाही. पण त्याचा पांढरा गोटा दिसला की मला कळतं, म्हातारा अजून खाली वाकू शकतो."

आता शनिवारी काय होणार ते भिंगरीला न सांगता दिसलं. सगळे परवानेवाले जाणार, तिन्ही ओंडके रिकामे बघणार, आणि म्हणणार, अरे वा, यंदा कुणी हातच लावलेला नाही. प्रत्येक जण टोपली भरणार, अगदी नियमाने. आणि झऱ्याचा वाफा, तिन्हींत जुना, आत्याने स्वतः बी टाकून वाढवलेला, तिने सहज मोजलं तर त्यावर चार की पाच खुणा होत्या. चार की पाच? आठवेना. ती पळत होती.

"मग बंद करून टाकू ना तो," ती म्हणाली. "आपणच एक जास्तीची खूण ठेवू. काय बिघडलं?"

"नाही," आत्या म्हणाली. "आज अंदाजाने बंद केला तर उद्या कुणीतरी अंदाजाने उघडेल. खोटी खूण एकदा ठेवली की मग सगळे दगडच. ज्याने तोडली त्यालाच विचारायचं. जा, विचारून ये."

"मी?"

"मग काय माझं प्लास्टर जाणार?"

सोमवारी दुकानातून सुटल्यावर ती आधी फाटकाशी गेली आणि आपली सुरेख ओळ उपटून पिशवीत भरली. वनरक्षक खोलीच्या दारात उभा राहून बघत होता. पोत्यांचं विचारलं तर म्हणाला, ती सकाळीच गाडीने गेली. मग खुणांची गोष्ट ऐकून डोकं खाजवत म्हणाला, "सहा वर्षं मी इथे आहे. मला वाटायचं माकडं आणून ठेवतात. मग मी तसा बोर्डच लावतो ना, की वर्षाला पाच."

"बोर्ड नको," भिंगरी म्हणाली. "आत्या म्हणते, बोर्ड लागला की लोक बोर्डाशी हुज्जत घालतात. दगडाशी कोण घालणार?"

तो म्हणाला, हेही खरंय, आणि तिला पिशवी उचलायला मदत केली.

मग बेकरी. पिवळी वीट बेकरीवाल्या काकूंची, जुन्या भट्टीतली. काकू पाव ट्रेमधून काढत होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि दुकानात चार गिऱ्हाइकं. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. चारही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"म्हणजे माझी वीट," काकू म्हणाल्या, "तू रस्त्याच्या कडेला शोभेला लावलीस."

"छान दिसत होती काकू."

"दिसणारच. चाळीस वर्षं भाजलीय." त्यांनी हात पुसले. "माझ्या दोन टोपल्या झाल्यात. एक झऱ्यावर, एक पुलाजवळ. आणि ऐक, शनिवारी मला झऱ्यावरची अजून एक हवीय. रविवारी मुलगी येतेय, दोन वर्षांनी. तिला रानलसणीचाच पाव लागतो, आणि पुलाजवळची पानं ऊन लागून आत्ताच राठ झाली. झऱ्यावर जागा आहे ना?"

"तेच तर शोधतेय."

"मग नीट शोध. जागा असेल तर मी घेणार, नसेल तर नाही. पण असेल की नसेल, हे मला शनिवारी सातच्या आत सांग. मळून ठेवायला लागतं."

घड्याळवाल्या आजोबांकडे तर हिची खरी परीक्षा झाली. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, भिंतभर घड्याळं, प्रत्येक वेगळी वेळ दाखवतंय. आजोबा डोळ्याला भिंग लावून चिमट्यात काहीतरी धरून बसले होते. हिने तोंड उघडलं तर त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. भिंगरी उभी राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. भिंगाची कड कुठे घासलीय, कशी घासलीय, हे ती बघत राहिली, कारण दुसरं करणार काय. चौथ्या मिनिटाला चिमट्यातलं चाक जागेवर बसलं आणि टिकटिक सुरू झाली.

"बोल आता. हळू."

तिने हळू सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

"झऱ्यावर एक. दुसऱ्या शनिवारी," आजोबा म्हणाले. "भिंतीमागे एक. पुलाजवळ नाही, तिथे चढ आहे." मग भिंग काढून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू तिची भाची?"

"हो."

"पाय कसा आहे तिचा?"

"प्लास्टरमध्ये. अजून तीन आठवडे."

"उंच ठेवायला सांग. छातीपेक्षा वर."

"तुम्हीच सांगा ना. फोन करा."

आजोबांनी भिंग परत डोळ्याला लावलं. ती समजली की मुलाखत संपली.

पाटीचा तुकडा शाळेतल्या घंटावाल्या मावशींचा होता आणि लाल कौल पोस्टमनचं. मावशींनी हिला दहा मिनिटं झापलं, तिन्ही वाफ्यांवर एकेक असं सांगितलं आणि मग डब्यातला लाडू दिला. पोस्टमन सायकलवर बसल्या बसल्याच म्हणाला, "झरा एक, भिंत एक, पुढे बोल," आणि गेला. त्याच्याशी मात्र हिचं छान जमलं असतं.

बुधवारी रात्री जेवताना हिशोब लागला. पुलाजवळ दोन. भिंतीमागे तीन. झऱ्यावर, काकू, आजोबा, मावशी, पोस्टमन, चार. सगळ्या खुणांचे धनी सापडले, एक सोडून.

"आणि ती हिरवी काच कुणाची?" भिंगरीने विचारलं. "ती एकच होती. पण कुठल्या ओंडक्यावर होती ते मला काही केल्या आठवत नाही."

"तेच तर कुणाला माहीत नाही," आत्या म्हणाली. "अकरा वर्षं झाली. कधी या वाफ्यावर, कधी त्या. हंगाम सुरू होतो न होतो तोच येऊन बसते. कुणी नवीन माणूस असेल म्हणून मी दोनदा पहाटेपासून दबा धरून बसले. कुणी येत नाही. हे आपले फिरायला येतात तेवढे."

आतोबा ताटाकडे बघत जेवत होते. त्यांना रानलसणीचा वास सहन होत नाही. हंगामात आत्या वाटण करायला बसली की हे गॅलरीचं दार लावून घेतात. परवाना नाही, टोपली नाही, त्या पानाचं नावसुद्धा घेत नाहीत.

"ती झऱ्यावरची असेल तर पाच झाल्या," भिंगरी म्हणाली. "नसेल तर काकूंची टोपली बसते."

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली.

"आणि ते सांगणार कोण?"

"ज्याची काच आहे तो. शनिवारी येईल तर येईल."

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरी कपडे वाळत घालत होती आणि गॅलरीत आतोबांचं चाक चालू होतं, नेहमीपेक्षा उशिरा, आणि आवाज जरा वेगळा, बारीक, ओला. कात्री असेल कुणाची, तिने मनात म्हटलं. डोक्यात सगळा शनिवार होता.

शनिवारी साडेपाचला ती निघाली तेव्हा आतोबांच्या चपला दारात नव्हत्या, म्हणजे ते फिरायला गेले होते. फाटक सहाला उघडलं. वनरक्षकाने परवान्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, "पहिली टोपली?" ती म्हणाली, बघू.

झऱ्याकाठी अजून गारवा होता. पाणी दगडांवरून बारीक आवाज करत होतं. वाफा चांगला दोन खोल्यांएवढा, आणि सगळी पानं एकाच दिशेला कललेली, उजेडाकडे. पुलाजवळच्या आणि भिंतीमागच्या खुणा भिंगरी आधीच मांडून आली होती, इथल्या चारही तिने पिशवीतून काढून ओंडक्यावर मांडल्या. मग ती शेजारी बसली. करायला काहीच नव्हतं. सुरुवातीला तिचा पाय आपोआप हलत होता, मग तोही थांबला. तेव्हा तिला दिसायला लागलं. काही रोपांना एकच पान होतं, दुसऱ्याच्या जागी देठाचा वाळका तुकडा. ती यंदा तोडलेली. काहींची दोन्ही होती. आणि त्यांच्यामध्ये, जवळून बघितल्याशिवाय दिसणार नाहीत अशी, दोऱ्यासारखी बारीक रोपं, एकेका पानाची. पहिल्या वर्षाची. झऱ्याच्या वरच्या अंगाला तर पट्टाच्या पट्टा मोकळा होता, नुसती माती. दुसऱ्या वाफ्यांत तिने असं बघितलं नव्हतं. म्हणजे, रविवारी ती इथूनच गेली होती, पण तिने काहीच बघितलं नव्हतं.

साडेसहाला बेकरीवाल्या काकू आल्या, टोपली काखेला. ओंडक्यावर नजर टाकली. "चार."

"अजून एक माणूस राहिलाय काकू. सातपर्यंत थांबाल?"

"पीठ भिजवून आलेय मी," काकू म्हणाल्या, पण दगडावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू हे पान ओळखतेस का तरी?"

"चुरडून वास घ्यायचा."

"पहिल्याच पानाला. मग हाताला वास लागतो, मग तसंच दिसणारं विषारी पान चुरडलंस तरी लसणीचाच वास येणार. तिथून पुढे नाकाला सुट्टी, डोळ्यांनी बघायचं. प्रत्येक पान." त्यांनी जवळच्या रोपाकडे बोट दाखवलं. "प्रत्येकाचा देठ वेगळा बघ, जमिनीतून एकटा वर येतो. एकाच दांड्यावर दोन-तीन पानं गुंडाळलेली दिसली, तर हात मागे."

सातला दहा कमी होते तेव्हा वरच्या वाटेवर कुणीतरी आलं. हळू चाललेलं, हात पाठीमागे. भिंगरी उठून उभी राहिली, आणि मग तिचा जीव भांड्यात पडता पडता राहिला, कारण ते आतोबा होते. त्यांनीही या दोघींना बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

"फिरायला आलो होतो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"या की," काकू म्हणाल्या. "आम्ही एका काचवाल्याची वाट बघतोय."

"असं का," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला.

भिंगरीने तो हात बघितला. आणि तिला तो आवाज आठवला, शुक्रवारचा, चाकावरचा, बारीक आणि ओला. अहो, दिवसभर तीच तर ऐकते तो आवाज. लोखंड असं वाजत नाही. दगडावर पाणी टाकून काच घासली की असं वाजतं. आणि रविवारी हातात अर्धा क्षण थांबलेल्या त्या गुळगुळीत कडा, त्या नदीने नाही, माणसाने घासलेल्या होत्या, तिरक्या, बोट कापू नये अशा.

"आतोबा," ती म्हणाली, "खिशात काय आहे?"

मग आतोबांनी हात बाहेर काढला. तळहातावर हिरव्या बाटलीचा तुकडा होता, नवीन, कडा घासून मऊ केलेला.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला तर वासाने मळमळतं."

"मळमळतं," आतोबा म्हणाले.

"मग टोपली?"

"टोपली नाही. मी तोडत नाही."

काकूंनी भिंगरीकडे बघितलं, भिंगरीने काकूंकडे. आणि मग त्या अबोल माणसाने, बहुधा आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. उतारावर पूर्वी चौथा वाफा होता. पाचच टोपल्या निघायच्या, सगळं नियमाने. तरी एका वर्षी तो परत उगवलाच नाही. तेव्हा आत्या चार दिवस धड जेवली नव्हती. तिला वाटत होतं पाच हा आकडाच चुकला, पण तो तिनेच सगळ्यांना पटवला होता, आता कुठल्या तोंडाने चार म्हणायचं, आणि घड्याळवाल्याशी त्यावरूनच पुढे वाजलं. "मग मी ठरवलं," आतोबा म्हणाले, "हंगामाच्या सुरुवातीला येऊन बघायचं. ज्या वाफ्याचा जोर कमी दिसेल तिथे एक खूण माझी. म्हणजे तिथे तोडणारे चारच. बाकी ठिकाणी पाच." त्यांनी वरच्या अंगाच्या मोकळ्या मातीकडे हनुवटीने दाखवलं. "यंदा इथे पाणी कमी होतं. पहिल्या शनिवारच्या आधीच ठेवून गेलो."

"पण आत्या म्हणते खोटी खूण ठेवायची नाही," भिंगरीच्या तोंडून गेलं.

"खोटी कशी? ती माझ्या वाट्याची टोपली आहे. मी ती इथेच ठेवतो."

काकू आपल्या रिकाम्या टोपलीच्या काठावरून बोट फिरवत होत्या. भिंगरीला कळत होतं की त्या काय मोजतायत. मुलगी उद्या येतेय, आणि इथे चौघांनीच तोडलंय, पाचवी टोपली खरंच शिल्लक आहे, समोर, हिरवीगार.

"अकरा वर्षं," काकू म्हणाल्या. "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही आम्हाला टोपी घालताय."

"हो," आतोबा म्हणाले.

काकू उठल्या, गुडघे दाबले, टोपली काखेला मारली. "काच ठेवा त्या ओंडक्यावर. मला पाच दिसल्या, वाफा बंद. बाकी माझ्या कानात सकाळपासून पीठ गेलंय." आणि भिंगरीला म्हणाल्या, "चल गं, भिंतीमागे तीनच आहेत ना? मला एक, तुला एक. तिथली पानं बारीक असतात, पोरीला दोन पाव कमी मिळतील, खाईल."

आतोबांनी काच ठेवली. ठेवताना जरा फिरवून, उजेड येईल अशी.

जाताना भिंगरी हळूच म्हणाली, "आतोबा, मलापण खूण लागेल. माझ्यासाठीपण एखादी काच घासून द्याल?"

"काच नको," ते म्हणाले. "कुणीतरी येतं आणि कचऱ्यात टाकतं."

मग तिने दुकानातला, चाकाचा झिजून निकामी झालेला राखाडी तुकडा खिशात होता तोच वापरला. तो तिने खरं तर आठवण म्हणून ठेवला होता. जुन्या भिंतीमागे तिला तिची छोटी टोपली भरायला दोन तास लागले. काकू पाऊण तासात भरून गेल्यासुद्धा. आधी देठ बघायचा, मग रोपाला दुसरं पान आहे ना ते बघायचं, मग नखाने खुडायचं, मग पुढच्या रोपाशी जाताना मधल्या बारीक रोपांवर पाय पडत नाही ना ते बघायचं. पोस्टमन मध्येच वाटेवरून गेला, म्हणाला, "अजून इथेच?" ती म्हणाली, "हो, जरा थांबा की, इतकी कसली गडबड." म्हणाल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

घरी आली तर आत्याने दारातूनच विचारलं, "काय झालं झऱ्यावर?"

"पाच झाल्या. बंद."

"हिरवीवाला आला?"

"आला."

"कोण निघाला?"

गॅलरीत चाक चालू होतं, यावेळी खरोखर कात्री. भिंगरीने टोपली टेबलावर ठेवली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तिच्या मालकीचं नव्हतं. "आत्या, तुम्ही लोक एकमेकांना विचारत नाही ना? मग मलापण नको विचारूस."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग गॅलरीच्या दाराकडे. तिथे आतोबांच्या चपला होत्या, ओल्या, आणि त्यांना काळी माती लागलेली, जी शहरात कुठल्याच रस्त्याला नाही. तिने टोपली पुढे ओढली, चष्मा लावला, आणि एकेक पान उचलून बघायला लागली. वीस पानं झाली, चाळीस झाली.

"ही दोन," आत्या म्हणाली आणि दोन पानं बाजूला काढून शेजारी शेजारी ठेवली. "एक मोठं, एक लहान, देठाचा वाक सारखा. ही एकाच रोपाची आहेत."

"शक्यच नाही. मी प्रत्येक..." भिंगरी वाकली. बराच वेळ बघितलं, भिंगाची कड बघतात तसं. मग म्हणाली, "आहेत."

"पुढच्या शनिवारी जाशील तेव्हा ते रोप बघून ये, जगलंय का," आत्या म्हणाली. "आणि यांना सांग, दार लावून घ्या, मी वाटण करायला बसतेय."